जुलैची गुणपत्रिका

परदेशी विद्यापीठांचे अर्ज भरणाऱ्या मुलांबरोबर काम करताना फी, शिष्यवृत्ती, वसतिगृह, व्हिसा यांबद्दल मोकळेपणाने विचारले जाते. एक प्रश्न मात्र बाकी सगळे आटोपल्यावर येतो, आणि बरेचदा मुलाऐवजी त्याचे पालक तो विचारतात: आधीच्या परीक्षेचे कमी गुण अर्जात लिहायलाच हवेत का? कुणाचे बारावीला गणित राहिलेले असते आणि पुरवणी परीक्षेत सुटलेले असते. कुणी श्रेणीसुधारसाठी पुन्हा बसलेले असते, त्यामुळे हातात दोन गुणपत्रिका असतात. कुणी इंजिनिअरिंगचे पहिले वर्ष अर्ध्यावर सोडून बीएस्सीला आलेले असते. कुणाच्या पदवीच्या कागदांवर केटी, म्हणजे राहिलेले विषय, असतात. या सगळ्यांना मी एकच उत्तर देत आलो आहे: अर्ज विचारत असेल तर सगळे लिहायचे. या उत्तराला सहसा एकच कारण जोडले जाते, की लपवले तर पकडले जाल. ते खरे आहे, पण मला पुरेसे वाटत नाही. ते भीतीचे कारण आहे, आणि भीतीपोटी केलेली नोंद विद्यार्थी अंग चोरून करतो. मला वाटते पूर्ण नोंद विद्यार्थ्याच्याच हिताची असते, आणि ज्याच्याकडे पैसा नि आधार कमी त्याच्या सर्वांत जास्त हिताची.

हा प्रश्न सर्वांत टोकदार होतो तो ब्रिटनच्या अर्जात. तिथले पदवीचे बहुतेक प्रवेश अर्ज युकास या एकाच संस्थेमार्फत जातात. विद्यापीठांचे आणि पॉलिटेक्निकांचे प्रवेश पाहणाऱ्या दोन जुन्या संस्था एकत्र होऊन १९९२ साली ती बनली. एका अर्जात पाच पर्याय देता येतात, वैद्यकशास्त्रासाठी त्यांपैकी चारच. शिक्षणाच्या नोंदींबद्दलचा नियम अगदी सरळ आहे: आजवर दिलेल्या आणि निकाल लागलेल्या सर्व परीक्षा लिहायच्या, निकाल कसाही असो. ए-लेव्हलला, म्हणजे तिथल्या बारावीच्या पातळीच्या परीक्षेला, श्रेणीच न मिळण्याइतके कमी गुण पडले, म्हणजे ‘यू’ आला, तर तोही लिहायचा. परीक्षा पुन्हा देणार असाल तर तोच विषय दोनदा भरायचा, एकदा हातात असलेल्या निकालासह आणि एकदा निकाल यायचा आहे अशी नोंद करून. शेवटी दिलेली माहिती खरी आणि पूर्ण असल्याचे जाहीर करावे लागते, त्याशिवाय अर्ज पुढे जात नाही. माहिती अपुरी निघाली तर अर्ज रद्द होऊ शकतो, दिलेली जागा काढून घेतली जाऊ शकते, तीही अभ्यासक्रम सुरू झाल्यावरसुद्धा. आपल्या विद्यार्थ्याला दहावी आणि बारावीचे विषयवार गुण याच रकान्यांत भरायचे असतात, आणि नियम त्यालाही तोच लागू आहे.

आपल्याकडून पाहताना हा नियम फार कठोर वाटतो, कारण प्रवेश म्हणजे काय याची आपली कल्पनाच वेगळी आहे. इथे प्रवेश यादीवर होतो. सीईटीचे पर्सेंटाइल, कॅपच्या फेऱ्या, कट-ऑफ: सगळा व्यवहार एका अंतिम आकड्याचा असतो. तो आकडा पहिल्या प्रयत्नात आला की तिसऱ्या, याच्याशी यादीला सहसा देणेघेणे नसते. दहावीच्या ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’वरून २०१० मध्ये वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि तेव्हापासून सहा विषयांचे गुण छापलेल्या गुणपत्रिकेवर टक्केवारी मात्र उत्तम पाचांची धरली जाते. एक नकोसा विषय बाजूला ठेवून पुढे जाता येते, हे मूल पंधराव्या-सोळाव्या वर्षी व्यवस्थेकडूनच शिकते. त्यात काही गैर आहे असे मी म्हणत नाही. लाखो मुलांची यादी लावायची तर असे काहीतरी करावे लागणारच. पण या सवयीतून एक समज पक्का होतो, की गुण म्हणजे माणसाची किंमत आणि कमी गुण म्हणजे कमी किंमत. तो समज घेऊन विद्यार्थी युकासच्या अर्जासमोर बसला की प्रत्येक रकाना त्याला कबुलीजबाबाचा वाटतो.

तिकडे अर्ज वाचणाऱ्यासमोर मात्र यादीतला आकडा नसतो, एक क्रम असतो: आधी काय झाले, मग काय केले, आता कुठे पोहोचला. पुन्हा दिलेली परीक्षा तिथे नवलाची नाही. इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी इंग्रजी किंवा गणितात ४ ही श्रेणी मिळाली नाही, तर पुढच्या शिक्षणात तो विषय शिकत राहणे २०१४ पासून बंधनकारक आहे, आणि दर वर्षी फार मोठ्या संख्येने मुले ती परीक्षा पुन्हा देतात. ज्या वाचकाच्या डोळ्यांखालून अशा नोंदी रोज जातात, त्याला पुण्याच्या किंवा नांदेडच्या मुलाचे बारावीचे राहिलेले गणित पाहून धक्का बसत नाही. त्याला कळून घ्यायचे असते की गणित लागणाऱ्या अभ्यासक्रमासाठी या मुलाची आज किती तयारी आहे. फेब्रुवारीत ३१ आणि जुलैत ६८ असे दोन आकडे शेजारी असले तर त्यातून पाच महिन्यांच्या कामाचा अंदाज येतो. नुसता ६८ असला तर एक साधारण आकडा उरतो, आणि त्याच्यावर छापलेला ‘जुलै’ हा महिना उरतो.

महिन्याचा हा मुद्दा पालक फार सहज विसरतात. मंडळाच्या गुणपत्रिकेवर परीक्षेचा महिना आणि वर्ष असते, आणि नियमित परीक्षा कधी होते हे आपल्या मंडळाच्या गुणपत्रिका पाहणाऱ्या कुणालाही ठाऊक असते. दहावी आणि बारावी यांच्यामध्ये दोनाऐवजी तीन वर्षे दिसली की प्रश्न आपोआप उभा राहतो. पदवीनंतरच्या अर्जांत तर लपवायला जागाच नसते. इंजिनिअरिंगच्या मुलांकडून अनेक विद्यापीठे बॅकलॉगचे प्रमाणपत्र वेगळे मागतात. अमेरिकेतली विद्यापीठे आजवर शिकलेल्या प्रत्येक महाविद्यालयाचे ट्रान्सक्रिप्ट मागतात, तिथून पदवी घेतली असो वा नसो. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस या पडताळणी केंद्राकडून शैक्षणिक कागद तपासून घ्यावे लागतात. ब्रिटनच्या व्हिसा अर्जात फसवणूक सिद्ध झाली तर दहा वर्षांपर्यंत प्रवेशबंदी होऊ शकते. हे सगळे सांगावे लागते म्हणून सांगतो. पण केवळ एवढ्यावर थांबणारा सल्लागार विद्यार्थ्याला पकडले न जाण्याचा हिशेब करायला शिकवतो, आणि हिशेब सुरू झाला की कुणीतरी ‘एवढे कोण बघतंय’ म्हणणारा भेटतोच. विद्यापीठाकडून प्रवेशामागे कमिशन घेणाऱ्या काही एजंटांकडूनही हा सल्ला मिळतो. त्यांचे काम प्रवेश झाला की संपते. विद्यार्थ्याला पुढची तीन-चार वर्षे त्या अर्जाखालच्या सहीसह काढायची असतात.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत प्रामाणिक आक्षेप असा, की लिहिल्याने नुकसान होतेच. हो, काही ठिकाणी होते. वैद्यकशास्त्राच्या अनेक विद्यापीठांत पुन्हा दिलेल्या परीक्षेचे गुण धरायचे की नाही, याचे स्वतःचे नियम आहेत, आणि काही ठिकाणी ते खरोखरच कडक आहेत. जिथे अर्जांची संख्या जागांच्या कितीतरी पट असते तिथे पहिल्याच चाळणीत जुनी नोंद नडू शकते. हे नाकारणारा माणूस विद्यार्थ्याला फसवतो. मात्र या अडचणीचे उत्तर अर्जाच्या आधी आहे, अर्जात नाही. पाच पर्याय कोणते निवडायचे हे विद्यार्थ्याच्या हातात असते. प्रत्येक विद्यापीठाचे पुन:परीक्षेबद्दलचे धोरण वाचता येते, वाचून समजले नाही तर प्रवेश विभागाला ईमेल करून सरळ विचारता येते, आणि लेखी उत्तर मिळाले की ते जपून ठेवता येते. अर्ज करण्याआधी विचारलेला प्रश्न कुणाच्या विरोधात धरला जातो असे या कामात मला दिसलेले नाही. जे विद्यापीठ पूर्ण नोंद पाहून नकार देणार आहे, तिथे अर्धी नोंद दाखवून मिळालेली जागा कधीच पक्की नसते, आणि परक्या देशात, कर्जावर शिकणाऱ्या मुलाने ती अनिश्चितता उरावर घेऊ नये.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. सतराव्या वर्षाचा निकाल माणसाच्या मागे का लागावा? घरातले आजारपण, शहर बदलणे, चुकीची शाखा निवडणे, नुसते वय, यांतले काहीही त्या निकालामागे असू शकते. त्या मुलाला कोरी पाटी का मिळू नये? हा आक्षेप मला मनापासून पटतो आणि म्हणूनच त्याला झटकून टाकणारे उत्तर मी देत नाही. ब्रिटनमध्येही हा प्रश्न होता. २००० साली सुरू झालेल्या रचनेत ए-लेव्हलच्या पहिल्या वर्षाअखेर एएस नावाची परीक्षा होई आणि अंतिम श्रेणीचे निम्मे गुण तिचे धरले जात. तेव्हा अनेक शाळा कमी गुणांची एएस श्रेणी अधिकृतपणे घ्यायचीच नाही, असा पवित्रा घेत. श्रेणी घेतलीच नाही म्हणजे ती लिहायचे बंधनही नाही. २०१५ पासून इंग्लंडमध्ये एएस टप्प्याटप्प्याने वेगळी झाली आणि तो प्रश्न मागे पडला. अमेरिकेत एसएटीने २००९ मध्ये आणि जीआरईने २०१२ मध्ये कोणत्या दिवसाचे गुण विद्यापीठाला पाठवायचे हे निवडायची मुभा विद्यार्थ्याला दिली. जिथे नियमच मुभा देतो तिथे ती जरूर घ्यावी, त्यात लपवाछपवी नाही. कोचिंगच्या चाचण्या, कॉलेजची प्रिलिम, असे जे अर्ज विचारत नाही ते आपणहून सांगत बसायचीही गरज नाही. पण एका परीक्षेने दिलेली मुभा दुसऱ्या अर्जात आपणच गृहीत धरायची, हे चालत नाही. आणि खरे सांगायचे तर, ही मुभा सर्वत्र असावी असेही मला वाटत नाही.

कारण असे. हव्या त्या प्रयत्नाचे गुण दाखवता आले की प्रयत्नांची संख्या झाकली जाते, आणि प्रयत्नांची संख्या पैशावर ठरते. कोटा किंवा लातूरच्या रिपीटर बॅचला वर्षभर राहायचे तर क्लासची फी, खोली, खानावळ हा सगळा खर्च घराला उचलावा लागतो, शिवाय मूल एक वर्ष कमावणार नाही हेही घराला परवडावे लागते. नंदुरबारच्या आश्रमशाळेतून पुढे आलेल्या मुलीला ते एक वर्ष मिळत नाही. तिने पहिल्याच वेळी मिळवलेले ७४ आणि दुसऱ्या कुणी तिसऱ्या वेळी मिळवलेले ८६, हे दोन आकडे नुसते शेजारी ठेवले तर ती हरते. शेजारी पूर्ण नोंद ठेवली तर वाचणाऱ्याला निदान विचार करायला जागा मिळते. तो विचार करीलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही, पण नोंदच नसेल तर विचाराची शक्यताही नसते. ज्या विद्यार्थ्याला कमी गुण लपवावेसे वाटतात, त्याला स्वतःचा हा दुसरा चेहराही दिसावा अशी माझी धडपड असते: आज पूर्ण नोंदीचा नियम त्याला जाचतो, पण ज्या अभ्यासक्रमाला तो पहिल्याच प्रयत्नात पात्र ठरला आहे तिथे हाच नियम त्याचे रक्षण करतो.

‘बाकीचे लपवतात, मग मीच का लिहू’ या आक्षेपाचे उत्तरही यातच येते. लपवणारे असतात, आणि त्यांतले काही निभावूनही जातात. पण आपल्या नोंदीची किंमत वाचणाऱ्याच्या विश्वासावर उभी असते, आणि एखाद्या मंडळाच्या, एखाद्या विद्यापीठाच्या कागदांवरचा विश्वास उडाला की त्याचा भुर्दंड नंतर येणाऱ्या प्रत्येक मुलाला पडतो. जादा पडताळणी, सीलबंद पाकिटे, विद्यापीठाच्या परीक्षा विभागात ट्रान्सक्रिप्टसाठी मारलेल्या खेपा, यांचा त्रास सर्वांत जास्त होतो तो गावाहून रजा काढून येणाऱ्यांना.

गुण हे परीक्षेच्या यंत्रणेतून तयार होतात आणि यंत्रणा चुकते, हे आपल्या पिढीने डोळ्यांदेखत पाहिले आहे. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या. कुलपतींनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत टळली, निकाल रखडत गेले, परदेशी प्रवेश हातात असलेली मुले निकालपत्रावाचून अडकली, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद सोडावे लागले. २०२० च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमध्ये परीक्षा न होता गणिती सूत्राने ए-लेव्हलच्या श्रेणी ठरवल्या गेल्या. शिक्षकांनी दिलेल्या श्रेणींपैकी जवळपास ४० टक्के खाली आल्या, मुले रस्त्यावर उतरली, आणि काही दिवसांतच ते सूत्र मागे घ्यावे लागले. २०२१ मध्ये आपल्या मंडळाने बारावीचा निकाल दहावीचे ३०, अकरावीचे ३० आणि बारावीचे ४० टक्के धरून लावला. अकरावी हे विसाव्याचे वर्ष मानायची पद्धत असलेल्या राज्यात अनेकांना त्या तीस टक्क्यांनी खाली ओढले, तर एकूण निकाल ९९.६३ टक्के लागला. अशा वर्षाचे गुण घेऊन बसलेला मुलगा ते लिहायला लाजतो तेव्हा मला वाईट वाटते. त्याने गुण लिहावेत, वर्ष लिहावे, आणि त्या वर्षी निकाल कसा लावला गेला हे एका वाक्यात सांगावे. पूर्ण नोंदीतच हे सांगायची सोय असते. रकाना गाळला की स्पष्टीकरणही गळते.

स्पष्टीकरण कसे आणि कुठे, यात मात्र बहुतेक अर्ज बिघडतात. युकासच्या अर्जात विद्यार्थ्याच्या निवेदनाला सगळी मिळून ४,००० अक्षरांची जागा असते, आणि २०२६ च्या प्रवेशांपासून ती तीन प्रश्नांत वाटली गेली आहे. ती जागा विषयाच्या ओढीसाठी आणि तयारीसाठी आहे. तिथे अर्धे पान एम-थ्रीच्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या गणिताच्या, बॅकलॉगवर खर्च केले की वाचणाऱ्याला विद्यार्थी न दिसता बॅकलॉगच दिसतो. दोन वाक्ये पुरतात, आणि त्यांतले दुसरे नंतर काय केले याचे असावे: कोणता पेपर, कधी राहिला, कधी सुटला, त्यावर आधारलेल्या पुढच्या विषयात किती गुण पडले. परीक्षकाला, कॉलेजला, नशिबाला दोष देणारे वाक्य खरे असले तरी गाळावे, कारण वाचणाऱ्याला ते पडताळता येत नाही. आजारपण किंवा घरातली आपत्ती असेल तर किती सांगायचे हा अधिकार विद्यार्थ्याचा आहे. गुण सांगणे बंधनकारक आहे. आईच्या आजाराचे नाव, घरातल्या भांडणाचा तपशील सांगणे मुळीच नाही. ‘त्या सहा महिन्यांत घरात गंभीर आजारपण होते, कागदपत्रे उपलब्ध आहेत’ एवढे पुरते. दुःखाची जाहिरात करावी लागेल या भीतीने जी मुले नोंदच टाळतात, त्यांना हा फरक आधी समजावून द्यावा लागतो.

आणि हे सांगायला विद्यार्थ्यापेक्षा योग्य माणूस असतो त्याचा शिक्षक. युकासने २०२४ च्या प्रवेशांपासून शिक्षकाच्या शिफारसपत्राचे तीन भाग केले: एक शाळेबद्दल, एक विद्यार्थ्याच्या निकालावर परिणाम करणाऱ्या परिस्थितीबद्दल, आणि एक इतर उपयुक्त माहितीचा. म्हणजे कमी गुणांमागची हकिगत सांगायला अर्जातच एक जागा राखलेली आहे, आणि ती विद्यार्थ्याने नव्हे तर त्याला ओळखणाऱ्या माणसाने भरायची आहे. आपल्याकडे नेमकी हीच जागा रिकामी राहते. ज्युनिअर कॉलेजात नाव आणि दिवसभर क्लासला, अशी दोन वर्षे काढलेल्या मुलाला कॉलेजातले कुणी ओळखत नसते. क्लासच्या सरांना शिफारस लिहायची सवय नसते. मग ‘मजकूर तूच टाइप करून आण, लेटरहेडवर सही करून देतो’ असे होते, आणि मेहनती, नम्र, सुस्वभावी अशा विशेषणांनी पान भरते. राहिलेल्या गणिताचा त्यात उल्लेख नसतो, कारण ते लिहिणे म्हणजे मुलाचे नुकसान, असे सही करणाऱ्यालाही वाटते. या राज्यातल्या प्रत्येक ज्युनिअर कॉलेजात एका शिक्षकाच्या कामाच्या तासांत हे काम अधिकृतपणे धरले जावे, अशी माझी मागणी आहे. त्याने विद्यार्थ्याला अकरावीच्या पहिल्या सत्रापासून ओळखावे, गैरहजेरीची कारणे नोंदवून ठेवावीत, आणि अर्जाच्या वेळी त्या दुसऱ्या भागात चार ओळी लिहाव्यात: फेब्रुवारीत काय झाले, जुलैपर्यंत मुलाने काय केले, आज वर्गात तो कुठे आहे, आणि या अभ्यासक्रमाचे गणित त्याला झेपेल असे स्वतः त्या शिक्षकाला का वाटते.